मल्याळम चित्रपट आणि ‘आरसा’ नावाची सोय

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणाही अध्यापकाला ‘साहित्य हा समाजाचा आरसा असतो’ या वाक्याची एव्हाना धास्ती वाटू लागलेली असते. प्रश्न ग्रामीण कथेवरचा असो, दलित आत्मकथनावरचा असो वा नाटकावरचा, उत्तराचा आरंभ याच वाक्याने होतो. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. गेली काही वर्षे ‘साहित्य आणि चित्रपट’ हा विषय मिळून शिकवतो. चित्रपटाच्या तासाला हे वाक्य पाठलाग सोडील, अशी भाबडी आशा आम्हांला होती. ती फोल ठरली. जियो बेबी यांचा ‘द ग्रेट इंडियन किचन’ (२०२१) वर्गात दाखवल्यानंतर आम्ही दोन पाने लिहायला सांगितली, तेव्हा निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी लिहिले की, मल्याळम चित्रपट हा केरळच्या संस्कृतीचा आरसा आहे. आणि त्याच कागदांवर दोन ओळी खाली असेही होते की, हे तर आमच्याच घरातले आहे.

ही दोन्ही विधाने एकत्र कशी नांदणार? केरळचा आरसा असेल तर त्यात आपले घर कसे दिसले? आणि आपलेच घर दिसले असेल तर त्यात केरळ कोठे राहिले? शिवाय केरळात कधी पाऊलही न टाकलेला विद्यार्थी हे चित्रण ‘खरे’ आहे असे कोणत्या आधारावर ठरवतो? मल्याळम चित्रपटांचे कौतुक आज आपल्याकडे सर्वत्र ऐकू येते. साधेपणा, वास्तव, मातीचा गंध हे शब्द त्या कौतुकात हमखास असतात. कौतुक अस्थानी नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु त्या कौतुकामागील समजूत आम्हांला अपुरी वाटते, आणि तिची किंमत साहित्याच्या वर्गात मोजावी लागते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रदेश पडद्यावर दोन प्रकारे येतो. एक सजावट म्हणून: नारळाची झाडे, खाडीतल्या होड्या, उत्सवातले हत्ती, बोलीचे चार हेल. दुसरा, कथेचा सांधा म्हणून: जो तपशील काढून घेतला तर कथा पुढे सरकतच नाही. मल्याळम चित्रपटाच्या चांगल्या परंपरेचे सामर्थ्य या दुसऱ्या प्रकारात आहे. आणि ज्या अर्थी तेथे तपशील कथा हलवतो, त्या अर्थी तो चित्रपट समाजाचे प्रतिबिंब दाखवून थांबत नाही. तो समाजाशी वाद घालत असतो.

उदाहरण म्हणून अडूर गोपालकृष्णन यांचा ‘एलिपत्तायम’ (१९८१) घेऊ. नावाचा अर्थ उंदराचा सापळा. एका जुन्या नायर तरवाडात, म्हणजे वाड्यात, उण्णी हा मध्यमवयीन पुरुष आपल्या बहिणींच्या सेवेवर जगतो. अंगणात गाय शिरली तरी तो उठत नाही, बहिणीला हाक मारतो. वाटेत चिखलपाणी लागले तर माघारी फिरतो. आपला विद्यार्थी याला ‘सरंजामशाहीच्या ऱ्हासाचे चित्रण’ म्हणून मोकळा होतो, आणि पाठ्यपुस्तकी अर्थाने ते चूकही नाही. परंतु थोरली बहीण आपला वाटा मागायला येते, तेव्हा मराठी प्रेक्षक तिच्याकडे एक कटकटी, लोभी माहेरवाशीण म्हणून पाहतो. येथेच अर्थाची गल्लत होते. नायर समाजात मरुमक्कत्तायम ही मातृवंशीय वारसापद्धती होती. तरवाड आईच्या वंशाचा. घरातील ज्येष्ठ पुरुष, कारणवर, हा व्यवस्थापक, आणि त्याच्यानंतरचा वारसा बहिणीच्या मुलांकडे जायचा. विसाव्या शतकात एकामागून एक कायदे होत ही पद्धत मोडत गेली; १९७५ च्या कायद्याने केरळातील हिंदू एकत्र कुटुंबपद्धतीच संपुष्टात आणली. त्याआधी, १ जानेवारी १९७० पासून, भूसुधारणेने कुळांना जमिनीवर हक्क दिला होता. म्हणजे उण्णीच्या पायाखालून दोन गोष्टी सरकल्या आहेत: जमीन, आणि ज्या अधिकाराने तो घरात बसून खातो तो अधिकार. थोरलीची मागणी या पार्श्वभूमीवर ऐकली की, तिचा स्वर लोभाचा उरत नाही, हक्काचा होतो. आणि जिच्या राबण्यावर ते घर उभे आहे त्या राजम्माचे मुकेपण अधिक असह्य होते. सबंध चित्रपटात कोणीही कायद्याचे नाव घेत नाही. कायदा तेथे दारे, कड्या, किल्ल्या आणि उंबरठे यांच्या रूपाने वावरतो.

असे तपशील पाहण्याची सवय त्या भाषेतल्या प्रेक्षकाला कोठून लागली, याचेही काही उत्तर देता येते. १९४५ साली पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने त्रावणकोरमध्ये ग्रंथालयांचा संघ उभा राहिला आणि वाचनालय ही गावातली रोजची जागा झाली. तोप्पिल भासी यांचे ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्की’ हे केपीएसीचे नाटक १९५२ पासून गावोगाव खेळले गेले. लेखक चित्रपटाकडे पाठ फिरवून बसले नाहीत: उरूब, वैकम मुहम्मद बशीर, एम. टी. वासुदेवन नायर यांनी पडद्यासाठी लिहिले. १९६५ मध्ये अडूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिरुवनंतपुरममध्ये ‘चित्रलेखा’ ही फिल्म सोसायटी काढली. येथे आपल्याला एक खरा धागा सापडतो. अडूर, जॉन अब्राहम, के. जी. जॉर्ज ही मंडळी घडली ती पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. तंत्र त्यांनी महाराष्ट्रात आत्मसात केले आणि ते घेऊन ते आपापल्या गावांकडे परतले, ही गोष्ट पुण्याच्या अभिमानाने सांगितली जाते. आम्हांला तीत अभिमानापेक्षा विचार करण्याजोगे अधिक वाटते: परतण्यासाठी तेथे वाचणारा, नाटक पाहणारा, वाद घालणारा प्रेक्षक बऱ्याच अंशी तयार होता.

एम. टी. वासुदेवन नायर यांच्या ‘निर्माल्यम’मधला (१९७३) देव पाहावा. वेळिच्चप्पाड म्हणजे ज्याच्या अंगात देवी येते आणि जो तिच्या वतीने बोलतो तो सेवक. देवळाचे उत्पन्न आटले आहे. घरात अन्न नाही. बेकार मुलगा देवीची पवित्र तलवार भंगारात विकायला निघतो. शेवटी उत्सवाच्या दिवशी, ज्या सावकाराचे देणे आहे त्याच्याशी बायकोने जोडलेला संबंध वेळिच्चप्पाडाच्या ध्यानात येतो. तो तसाच देवळात जातो, नाचतो, तलवारीने कपाळ फोडून घेतो आणि तोंडातले रक्त देवीच्या मूर्तीवर थुंकतो. ही भूमिका करणाऱ्या पी. जे. अँटनी यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या शेवटाला ‘केरळच्या धार्मिक संस्कृतीचे दर्शन’ म्हणणे म्हणजे त्या रक्ताकडे पाठ फिरवणे होय. विधी तोच, वेश तोच, वाद्ये तीच. पण भुकेने त्या विधीचा अर्थ उलटा केला आहे. संस्कृती येथे दाखवलेली नाही, तिला जाब विचारलेला आहे.

समुद्रकिनाऱ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कादंबरीवरून रामू कार्याट यांनी केलेला ‘चेम्मीन’ (१९६५) हा राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा पहिला मल्याळम चित्रपट. सलील चौधरींचे संगीत, मन्ना डे यांचा स्वर, हृषीकेश मुखर्जी यांचे संकलन, मार्कस बार्टली यांचे छायाचित्रण. केरळबाहेरच्या कित्येक प्रेक्षकांची केरळशी पहिली ओळख याच चित्रपटाने झाली. किनाऱ्यावरच्या स्त्रीने पातिव्रत्य पाळले तरच समुद्रात गेलेला नवरा सुखरूप परततो, नाहीतर कडलम्मा, समुद्रमाता, त्याला गिळते, या समजुतीवर ती शोकांतिका उभी आहे. चित्रपट आजही सुंदर वाटतो. परंतु कोळ्यांचे जीवन म्हणजे ही समजूत, असा जो ठसा त्याने देशभर उमटवला, त्याचे काय? त्या किनाऱ्यावर कर्ज होते, व्यापारी होते, नावेची मालकी होती. कादंबरीत आणि चित्रपटातही हे सगळे आहे. पण स्मरणात उरला तो शाप.

त्यानंतर ५३ वर्षांनी लिजो जोस पेल्लिश्शेरी यांचा ‘ई.म.यौ.’ (२०१८) आला. पटकथा पी. एफ. मॅथ्यूज यांची. समुद्र तोच, समाज वेगळा, चेल्लानमचा लॅटिन कॅथलिक. येशू, मरिया आणि योसेफ यांचा मरणाऱ्याच्या कानात केला जाणारा धावा हेच चित्रपटाचे नाव. वावच्चन या म्हाताऱ्याला त्याचा मुलगा ईशी थाटाच्या अंत्यविधीचे वचन देतो आणि त्याच रात्री म्हातारा जातो. पुढे सगळी कथा शवपेटी, पैसे, पाऊस, बँडवाले, शेजाऱ्यांची कुजबूज आणि मृत्यूबद्दल संशय घेणारा पाद्री यांची. अखेर मुलगा बापाला घराच्या आवारातच खड्डा खणून पुरतो. शाप नाही, समुद्रमाता नाही. गरीब माणसाला मरणही नीटसे परवडत नाही, एवढेच आहे. आणि आश्चर्य म्हणजे ते पाहताना मधूनमधून हसू येते. ‘चेम्मीन’ खोटा आणि ‘ई.म.यौ.’ खरा, असा निकाल आम्ही देत नाही. दोन्हींत किनारा आहे. पहिल्यात तो पुराणकथा होऊन येतो, दुसऱ्यात खर्चाची यादी होऊन. प्रतिबिंब हा शब्द यांपैकी कोणत्याच निवडीला पुरत नाही.

रोजच्या जगण्याचा विषय निघाला की विनोदाला वगळता येत नाही. सत्यन अंतिक्काड आणि श्रीनिवासन यांच्या १९८०-९० च्या चित्रपटांकडे आपले समीक्षक ‘करमणूक’ म्हणून दुर्लक्ष करतात. परंतु आखाती स्थलांतराची मानसिकता समजून घ्यायची तर ‘नाडोडिक्काट्टु’ (१९८७) टाळून चालत नाही. दासन आणि विजयन हे दोन बेकार तरुण दलालाला पैसे देऊन दुबईला निघतात. होडी त्यांना रात्रीच्या अंधारात मद्रासच्या किनाऱ्यावर उतरवते, आणि अरबी वेश चढवलेल्या या दोघांना आजूबाजूच्या पाट्या तमिळ का आहेत हे कळेनासे होते. हसून झाल्यावर कळते की, ज्या प्रदेशाने शिक्षण दिले पण काम दिले नाही, त्या प्रदेशाचा हा हिशेब आहे. ‘वरवेळ्पु’मध्ये (१९८९) आखातातून परतलेला माणूस साठवलेल्या पैशातून बस घेतो आणि ती बसच त्याला बुडवते. ‘संदेशम’मध्ये (१९९१) दोन भाऊ दोन विरोधी पक्षांचे कार्यकर्ते, रेल्वेतून निवृत्त झालेल्या वडिलांना घरात शांतपणे जेवताही येत नाही. हे चित्रपट राजकारणालाच मोडीत काढतात, कामगार संघटनांवर अन्याय करतात, असा आक्षेप घेतला जातो, आणि त्यात तथ्य आहे. तरीही जेवणाच्या ताटावर जागतिक राजकारणाचा वाद होऊ शकतो, हा विनोद तसे वाद खरोखर होणाऱ्या समाजातच जन्मतो. पुढे ‘पत्तेमारी’ (२०१५) आणि बेन्यामिन यांच्या कादंबरीवरचा ‘आडुजीवितम’ (२०२४) यांनी याच स्थलांतराची काळी बाजू मांडली. पण ती बाजू १९८७ च्या हसण्यातही होती.

आता आमच्या मताच्या विरोधात जाणारा पुरावा. १९९० च्या दशकात आणि त्यानंतर काही काळ याच भाषेत ‘देवासुरम’ (१९९३), ‘आराम तंपुरान’ (१९९७), ‘नरसिंहम’ (२०००) यांसारखे चित्रपट प्रचंड लोकप्रिय झाले. जुना वाडा, मिशीवर ताव देणारा तंपुरान म्हणजे सरदार नायक, त्याच्या पायाशी गाव. भूसुधारणा होऊन दोन तपे लोटली होती. जमीनदारी कायद्याने गेली होती. पण पडद्यावर ती दिमाखाने परत आली. आरशाचा सिद्धांत येथे कोलमडतो, कारण जे समाजातून गेले तेच आरशात दिसू लागले. हे प्रतिबिंब म्हणायचे तर ते वस्तुस्थितीचे नसून हरवलेल्या अधिकाराच्या आठवणीचे होते. मल्याळम चित्रपट म्हणजे सदासर्वदा वास्तव आणि साधेपणा, ही आपली समजूत मुख्यतः गेल्या दीड दशकातल्या निवडक चित्रपटांवरून बनलेली आहे. उपशीर्षकांची गाळणी लागून जे आपल्यापर्यंत येते, त्यावरून आपण सगळी परंपरा ठरवून मोकळे होतो.

आणि याहून कठीण प्रश्न: रोजचे जगणे दाखवले, हे मान्य, पण कोणाचे? जे. सी. डॅनियल यांचा ‘विगतकुमारन’ हा पहिला मल्याळम मूकपट. त्याच्या प्रदर्शनाचे वर्ष १९२८ की १९३०, यावर वाद आहे. त्यात पी. के. रोझी या दलित स्त्रीने नायर स्त्रीची भूमिका केली. सवर्ण जमावाला ते सहन झाले नाही. तिच्यावर हल्ला झाला आणि तिला गाव सोडून परागंदा व्हावे लागले. मल्याळम चित्रपटाचा आरंभच असा एका चेहऱ्याला पडद्यावरून हाकलून झाला. ‘नीलक्कुयिल’ने (१९५४) सवर्ण शिक्षकाकडून फसवल्या गेलेल्या दलित नीलीची कथा सांगितली, लोकगीतांच्या चालींनी भाषेला नवा कान दिला, परंतु नीली मरते आणि कथा पुढे सवर्ण पुरुषाच्या पश्चात्तापाची होते. राजीव रवी यांच्या ‘कम्मट्टिपाडम’मध्ये (२०१६) कोची शहर ज्यांच्या शेतांवर वाढले त्या दलित तरुणांची कहाणी आहे, आपल्याच माणसांना जमिनीवरून उठवण्यासाठी त्यांचे बाहुबळ वापरले जाते. विनायकन यांचा गंगा विसरता येत नाही. पण गंगाची गोष्टही आपल्याला कळते ती त्या वस्तीत बाहेरून राहायला आलेल्या कुटुंबातल्या मित्राच्या आठवणींतून. सहा दशकांत पुष्कळ बदलले. सांगणारा मात्र फारसा बदलला नाही.

स्त्रियांबाबतही हेच. के. जी. जॉर्ज यांच्या ‘आदामिंटे वारियेल्लु’च्या (१९८३) शेवटी सुधारगृहातल्या स्त्रिया दार ढकलून बाहेर धावतात आणि कॅमेऱ्यालाही, चित्रीकरण करणाऱ्या दिग्दर्शकालाही बाजूला सारून निघून जातात. या शेवटाला भविष्याची चाहूल होती, असे आज वाटते. २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर झालेल्या हल्ल्यानंतर चित्रपटातल्या स्त्रिया संघटित झाल्या, सरकारने न्या. हेमा यांची समिती नेमली, तिचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सादर झाला आणि काही मजकूर वगळून का होईना, प्रसिद्ध व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. पडद्यावर स्त्रीचे दुःख इतक्या बारकाईने दाखवणाऱ्या व्यवसायात पडद्यामागे काय चालते, हे वाचून आमच्या वर्गातल्या अनेक मुली गप्प झाल्या होत्या.

पुन्हा त्या स्वयंपाकघराकडे येतो. ‘हे आमच्याच घरातले आहे’ असे लिहिणाऱ्या मुलीला आम्ही विचारले, नेमके काय? ती म्हणाली, “सर, ते सिंक. खालून गळतंय हे ती रोज सांगते आणि तो रोज विसरतो. आमच्याकडे गिझर आहे, एवढाच फरक.” वर्ग हसला. तिचे उत्तर चोख होते. गळणारे सिंक कोठेही असू शकते, आणि चित्रपटाची कथा त्या गळतीवरच चालते: शेवटी तेच घाण पाणी नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या अंगावर फेकून ती घराबाहेर पडते. परंतु तिला पाणी फेकण्यापर्यंत आणणारी दुसरी गोष्ट सर्वत्र नाही. घरातले पुरुष शबरीमलेच्या यात्रेसाठी व्रतस्थ आहेत; त्यामुळे तिची पाळी हा सगळ्या घराच्या मांडणीचा प्रश्न होतो: ती कोठे झोपणार, कशाला शिवणार, कोणाच्या दृष्टीस पडणार. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मंदिरात सर्व वयाच्या स्त्रियांना प्रवेश देणारा निर्णय दिल्यावर केरळ ढवळून निघाले होते. चित्रपट त्या वादाच्या मधोमध उभा आहे. याच कथेवर हिंदीत ‘मिसेस’ हा चित्रपट निघाला. २०२५ मध्ये तो प्रेक्षकांपर्यंत आला. स्वयंपाकघर त्यात आहे, राबणे आहे, गुदमरणे आहे. शबरीमला नाही. ती असणे शक्यही नव्हते. पण तिच्यासोबत धर्म, कायदा आणि न्हाणीघर यांना एकत्र बांधणारा सांधाही गेला. उरली ती एका वाईट सासरची गोष्ट. तीही खरीच, परंतु कोठलीही.

मुलीचे उत्तर आणि हा फरक एकत्र ठेवले तर आमच्या सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते असे वाटते. आपले घर आपल्याला तेथे दिसले ते, केरळ पातळ करून सर्वांना चालेल असे केले म्हणून नव्हे. त्या घरातली व्रते, भांडी, अंगण, चूल इतक्या हट्टाने तिथलीच ठेवली होती की, त्यांच्यातून एका बाईचा दिवस तासातासाने मोजता आला. तो दिवस आपल्याला ओळखीचा निघाला. बाकीचे शिकून घ्यावे लागते. ‘प्रादेशिक’ या शब्दाकडे आपण मराठी अध्यापक आजही थोड्या कृपादृष्टीने पाहतो, जणू प्रादेशिक ही ‘वैश्विक’च्या अलीकडची पायरी आहे. प्रादेशिक कादंबरी शिकवताना बोलीतल्या शब्दांची यादी, सणांची यादी, निसर्गवर्णने अशी टिपणे आपण देतो, आणि विद्यार्थी ती पाठ करतात. जमीन कोणाच्या नावावर आहे, पाणी कोण भरते, गोष्ट कोण सांगतो, हे प्रश्न टिपणांत नसतात. मल्याळम चित्रपटाकडून काही घ्यायचेच असेल तर हे प्रश्न घ्यावेत, आणि त्या चित्रपटालाही तेच विचारावेत.

यंदा आम्ही प्रश्नपत्रिकेतला ‘अमुक कलाकृती समाजाचे प्रतिबिंब आहे, चर्चा करा’ हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी विचारले: कलाकृतीतील अशी एक वस्तू सांगा, जी काढली तर कथा थांबेल, ती कोणाच्या मालकीची आहे आणि ती कोण हाताळते, ते लिहा. उत्तरे लहान आली, बरीच गोंधळलेली आली. दोघातिघांनी तरीही आरंभ आरशानेच केला. पण त्या सिंकवाल्या मुलीने चित्रपट बाजूला ठेवून आपल्या आजीच्या घरातल्या पितळी हंड्याविषयी लिहिले. हंडा आजोबांच्या नावाचा, नाव कोरलेला. भरणारी आजी. आम्ही तिला विषय सोडल्याबद्दल गुण कापावेत की नाही, यावर अजून आमचे एकमत झालेले नाही.